पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर येतं, घरी कळत नाही

पत्राचा गोषवारा : मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राज्य शासनाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक असलेल्या ३९ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या २०११ मध्ये नोकरीला लागल्या. पतसंस्थेच्या हप्त्यासह सगळी कपात जाऊन ५१ हजार हातात येतात. पतीचं बाजारपेठेत कापडाचं वडिलोपार्जित दुकान आहे आणि मंदीच्या महिन्यांत घर यांच्याच पगारावर चालतं. चार वर्षांपूर्वी मुलाची पुस्तकं गावात मिळेनात म्हणून मोबाइलवरून मागवली. मग कपडे, भांडी, फ्रीज, इन्व्हर्टर, दोन मोबाइल असं वाढत गेलं. आज सात वस्तूंचे मिळून दरमहा १३,२०० रुपये हप्त्यांत जातात. घराच्या कर्जातला त्यांचा वाटा १२ हजारांचा आहे. क्रेडिट कार्डावर ६२ हजार थकले आहेत आणि त्या दरमहा फक्त किमान रक्कम, म्हणजे ३,१०० रुपये भरतात. खराब निघालेला मिक्सर परत पाठवला, त्याचे ३,८०० रुपये पाच महिन्यांत आलेले नाहीत. पार्सलं त्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवतात. एकदा पार्सल देणारा मुलगा पत्ता विचारत थेट पतीच्या दुकानात गेला. पती एवढंच म्हणाले, "घरच्याच बाईला आपल्या बाजारातला माल चालत नाही, तर गावाला कशाला चालेल?" तेव्हापासून ते याविषयी बोलत नाहीत. भगिनी विचारतात : "पतसंस्थेत गेलं की कारण विचारतात, दोन जामीनदार लागतात. मोबाइलवर कुणी काही विचारत नाही. मला व्यसन लागलंय का? ॲप काढून टाकू का? सरकारी पगार आहे, आठवा वेतन आयोग आला की सगळं फिटेल, असं मन सांगतं, पण रात्री झोप लागत नाही. आणि यांना काय सांगू?"

ताई,

तुमच्या पत्रातले आकडे मी आधी कागदावर मांडले. हप्ते १३,२००, घराच्या कर्जाचे १२,०००, कार्डाचे ३,१००. बेरीज २८,३००. म्हणजे हातात आलेल्या ५१ हजारांतला निम्म्याहून जास्त पगार तुमच्या हाताला न लागताच निघून जातो. उरलेल्या २२,७०० मध्ये किराणा, शिकवणी, पेट्रोल, सासऱ्यांची औषधं, लग्नसराईतला आहेर, सगळं बसवायचं. झोप लागत नाही त्याचं मोठं कारण या बेरजेत आहे. त्यामुळे आधी पैशांचं बोलू, मनाचं आणि घराचं त्यानंतर.

व्यसन लागलंय का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या पत्रातून मला तरी ते दिसत नाही. काय काय घेतलं ते तुम्ही नीट सांगू शकता, वापरात नसलेल्या वस्तूंचे ढीग घरात नाहीत, आणि सातपैकी फ्रीज, इन्व्हर्टर, गाद्या या तीन वस्तू तर सगळ्या घराच्या आहेत. गरज नसताना रोज काहीतरी मागवावंसं वाटणं, न मागवल्यास जीव कासावीस होणं, पार्सल न उघडताच पडून राहणं असं होत असेल तर जरूर समुपदेशकाकडे जा. नसेल, तर स्वतःवर हा शिक्का मारून घेऊ नका. शिक्का मारला की माणूस फक्त स्वतःला दोष देत बसतो आणि हिशोब तसाच राहतो.

मोबाइलवरच्या खरेदीनं तुम्हाला काय दिलं, तेही आधी मान्य करू. तालुक्याच्या गावात स्पर्धा परीक्षेचं किंवा इंग्रजी माध्यमाचं पुस्तक हवं असेल तर जिल्ह्याच्या गावी कुणी जाईपर्यंत थांबावं लागायचं. मोठ्या मापाचे बूट, रक्तदाब मोजायचं यंत्र, मिक्सरचा सुटा भाग मिळायचा नाही. आणि पुरुष दुकानदारासमोर अंतर्वस्त्रांचं माप सांगताना बाईला काय वाटतं, हे कापडाच्या दुकानावर चालणाऱ्या घराला तरी वेगळं सांगायला नको. चार ठिकाणचे भाव बघून, इतरांचे अनुभव वाचून, कुणी "दाखवू का अजून?" न विचारता निवड करता येणं हा तुमचा फायदा आहे. तो सोडा, असं मी सांगणार नाही. म्हणूनच ॲप काढून टाकण्यानं फारसं काही साधेल असं मला वाटत नाही. पुढचा सेल लागला की ते दोन मिनिटांत परत येतं, आणि त्यासोबत आपण हरलो ही भावनाही येते.

खरेदी आणि उधारी या तुमच्या आयुष्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्या एकाच बटणावर आल्या. माझ्या मते तुमच्या अडचणीचं मूळ इथं आहे.

सरकारी नोकराला हप्त्यानं माल विकणं नवीन नाही. पगाराच्या दिवशी कचेरीत साड्यांचं गाठोडं घेऊन येणाऱ्या बायका, स्टीलची भांडी हप्त्यानं देणारे, ज्ञानकोशांचे संच विकणारे, विम्याचे एजंट, हे सगळे एक तारीख बघूनच यायचे. कारण शेतकऱ्याचा पैसा पावसावर, दुकानदाराचा हंगामावर, पण कारकुनाचा पगार ठरलेला. हा खात्रीचा पगारच बाजाराला हवा असतो. मात्र तेव्हा तुमच्या आणि उधारीच्या मध्ये माणसं उभी असायची. साडीवालीच्या वहीत आधीचे दोन हप्ते राहिले असतील तर ती स्वतःच म्हणायची, "बाई, आधीचं होऊ द्या." पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं की सचिव पगारपत्रक बघायचा आणि हातात किती उरतं ते विचारायचा. जामीनदार सहकारी चहा पिताना विचारायचे, "एवढ्यासाठी कशाला काढतेस?" तुम्हाला हे विचारणं नकोसं झालं, आणि ते समजण्यासारखं आहे. काही पतसंस्थांत कारण विचारताना माणसाचा मान राखला जात नाही, बाईचा तर अजिबातच नाही. पण त्या प्रश्नांमुळे एक काम होत होतं : तुमच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज कुणीतरी एका ठिकाणी बघत होतं.

आज तुमच्या सात हप्त्यांतला प्रत्येक हप्ता देताना समोरच्या यंत्रानं फक्त आपला हप्ता फिटेल का एवढंच पाहिलं. तुमचा पगार, नोकरीची शाश्वती आणि आजवर न चुकलेले हप्ते, यावर ते खूश आहे. "आपल्यासाठी अमुक लाखाचं कर्ज मंजूर" असे मेसेज तुम्हाला येतात ते याच खात्रीमुळे. ते २२,७०० मध्ये घर कसं चालेल, हे विचारणारं तिथं कुणी नाही. ती बेरीज आता तुम्हाला स्वतः करावी लागेल, आणि निदान आणखी एका माणसाच्या साक्षीनं. तो माणूस कोण, याकडे पुढे येते.

मन जे दोन दिलासे देतं, तेही तपासू. पहिला, पगार सरकारी आहे. बरोबर आहे, पण तुमच्या कार्यालयातल्या ज्येष्ठांच्या तुलनेत तुमच्याकडे एक आधार नाही, त्याचा विचार आपण सहसा करत नाही. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना भविष्य निर्वाह निधी आहे. मुलीचं लग्न, घराची दुरुस्ती, आजारपण आलं की ते आपल्याच निधीतून परतावा (परत भरायची) किंवा नापरतावा (परत न भरायची) उचल काढतात. कर्ज स्वतःचं, स्वतःकडूनच. तुम्ही २०११ च्या, म्हणून अंशदायी निवृत्तिवेतनात, म्हणजे आपल्या पगारातूनही वाटा कापला जातो त्या पेन्शन योजनेत. त्यातून मधेच पैसे काढायच्या अटी कडक आहेत. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब बिनधास्त हप्ते घेतात म्हणून आपणही घ्यावेत, हा हिशोब तुमच्या पिढीला लागू पडत नाही. तुम्हाला अडीअडचणीची गाठ स्वतःच बांधावी लागेल, आणि आज ती गाठच हप्त्यांत चालली आहे.

दुसरा दिलासा आठव्या वेतन आयोगाचा. सातव्याचं काय झालं ते आठवा. वेतन १ जानेवारी २०१६ पासून लागू धरलं, पण राज्यातल्या कर्मचाऱ्यांच्या पगारात ते यायला २०१९ उजाडलं आणि थकबाकी पाच हप्त्यांत विभागली गेली. आयोग केंद्राचा असतो, राज्य त्यानंतर आपला निर्णय घेतं. तो पैसा मिळेल तेव्हा मिळेल. त्यावर आज मोबाइल घेतला तर व्याज आजपासून सुरू होतं आणि थकबाकी मात्र तिच्या तारखेला येते. कार्डाच्या व्याजापुढे ही वाट बघणं फार महाग पडतं.

आता कार्ड. माझं कळकळीचं सांगणं आहे की या पत्रातलं दुसरं काही केलं नाहीत तरी हे करा. अशा कार्डांचा व्याजदर साधारण महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ६२ हजारांवर महिन्याचं व्याज झालं २,१७०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९०. तुम्ही भरता ३,१००. म्हणजे मुद्दल कमी होते ती साडेपाचशेच्या आतच. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, तिचंही व्याज त्याच दिवसापासून लागतं. किमान रक्कम भरली की दंड टळतो, कर्ज फिटत नाही.

तेच ६२ हजार पतसंस्थेकडून ११ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतलेत तर हप्ता बसतो सुमारे २,८९०, म्हणजे तुम्ही आज भरता त्याहून कमीच. दोन वर्षांत सगळं फिटतं आणि व्याज एकूण साडेसात हजारांच्या आत. तुमच्या संस्थेचा दर थोडा वेगळा असेल, पण हिशोबाचा कल बदलणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मुळे हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे तो चुकायची भीतीही नाही. जामीनदार विचारतील. त्यांना खरं कारण सांगा : कार्डाचं महाग कर्ज फेडायला स्वस्त कर्ज घेतेय. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि माझा अंदाज आहे की त्या दोघांपैकी एक तरी म्हणेल, "मलाही तेच करायचंय."

मात्र एक अट. पतसंस्थेचे पैसे आले की कार्ड पूर्ण फेडा आणि त्याच दिवशी बँकेला सांगून त्याची मर्यादा पगाराच्या पाव हिश्श्यावर आणा, नाहीतर ते बंदच करा. कार्ड तसंच राहिलं तर वर्षभरात दोन्ही कर्जं डोक्यावर बसतील. कार्ड ठेवलंत तर बँकेच्या ॲपमध्ये त्याचा ऑनलाइन वापर चालू-बंद करायची आणि रकमेची मर्यादा घालायची सोय असते. ही सोय बँकांनी द्यायचीच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२० पासून आहे. ऑनलाइन वापर एरवी बंद ठेवा आणि लागेल तेव्हा चालू करा. खरेदीच्या ॲपमध्ये जपून ठेवलेलं कार्ड तिथून काढून टाका, "नंतर पैसे द्या" ही सोय बंद करा, सूचना बंद करा. ॲप राहू द्या. दर वेळी उठून पर्समधून कार्ड काढून सोळा आकडे टाकायचे म्हटलं की निम्म्या खरेद्या आपोआप उद्यावर जातात.

सात हप्त्यांविषयी. ते मुदतीआधी फेडायची घाई करू नका, मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क किती ते बघा. बहुतेक वेळा ते आपापल्या वेळेला संपू देणंच बरं. पण एक संपला की त्याची जागा दुसऱ्या हप्त्याला देऊ नका. फ्रीजचा हप्ता संपेल, तेव्हा ते ३,००० पोस्टाच्या आवर्ती ठेवीत वळवा. पुढचं मोठं काही घ्यायचं तर त्यातून घ्या. सणाला मोठा खर्च असेल तर सण अग्रिम मागा, तो बिनव्याजी असतो आणि पगारातून हप्त्यानं वळता होतो. ऑफिसात जुन्या ओळखीच्या बायकांची भिशी असेल तर तीही वाईट नाही, फक्त माणसं पारखून आणि रक्कम लहान ठेवून.

फ्रीज "व्याज नसलेल्या हप्त्यावर" घेतला, असं तुम्ही लिहिलंय. हे व्याज दिसत नाही इतकंच. ३६ हजारांचा फ्रीज बारा हप्त्यांत ३,००० नं घेतला तर बँक आपलं व्याज धरतेच, साधारण १५ टक्क्यांनी ते पावणेतीन हजार होतं. विकणारा तेवढी सूट किमतीत देतो म्हणून बेरीज ३६ हजारच दिसते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, प्रक्रिया शुल्क तुम्ही भरता, आणि रोखीनं घेतल्यावर जी सूट मिळाली असती ती सोडता. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये बँकांना लेखी बजावलं होतं. गरजेच्या वस्तूला असा हप्ता कधीतरी चालेल. तो फुकट आहे असं समजून मात्र घेऊ नका.

आणखी एक. "फक्त दोन शिल्लक", "सेल संपायला ११ मिनिटं", टोपलीत आपोआप येऊन बसलेली विम्याची रक्कम, "नको, मला बचत करायची नाही" असं लिहिलेलं नकाराचं बटण, सहज सुरू होणारं आणि बंद करायला दमवणारं सदस्यत्व. हे सगळं मुद्दाम घडवलेलं असतं. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. तुमचा हात घाईनं बटणावर गेला तो तुमच्या दुबळेपणामुळेच गेला असं समजू नका. समोरून तशी तयारी होती. पण मनाईनंतरही हे सर्रास दिसतं, म्हणून एक नियम स्वतःला घाला : पाचशेच्या वरची वस्तू टोपलीत टाकायची आणि निदान एक रात्र तिथंच ठेवायची.

आपोआप कापल्या जाणाऱ्या सदस्यत्वांचंही बघून घ्या. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. बँकेनं २४ तास आधी मेसेज द्यायचा असतो, तो आपण कामाच्या गडबडीत बाजूला सारतो. यूपीआय ॲपमधला ऑटोपे विभाग आणि कार्डाच्या बँकेचं मँडेटचं, म्हणजे आपोआप कपातीला दिलेल्या परवानग्यांचं, पान एकदा उघडा. तिथं काय सापडतं ते बघून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

मिक्सरच्या ३,८०० रुपयांवर तुम्ही पाणी सोडलंय, "एवढ्यासाठी कुठं" असं म्हणून. ताई, आवक-जावक, पोच, स्मरणपत्र, संदर्भ क्रमांक या गोष्टी तुम्ही रोज करता. सामान्य ग्राहक जिथं अडतो, तिथं तुमचा हात बसलेला आहे. हे कौशल्य स्वतःसाठी वापरा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. मागणी क्रमांक, परत पाठवल्याची पावती आणि फोटो जोडून त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. चॅटवर बोलत बसू नका, त्याची नस्ती होत नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथले बरेच वाद कंपनीशी बोलून मिटतात. तरीही नाही झालं, तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करा. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पाच महिने म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

तुमच्या ऑफिसातल्या बायकांचा जो ग्रुप सेलच्या दिवशी जागा होतो, त्याचाही उपयोग करून घेता येईल. मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून हे करून दाखवलं : शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवतात आणि वाटून घेतात. एकत्र मागितलेल्या मालाचा भाव कमी पडतो, आणि चार जणींसमोर यादी वाचली जाते तेव्हा नको असलेल्या गोष्टी आपोआप गळतात. घाऊक किराणा, पावसाळ्याआधीच्या छत्र्या, मुलांच्या वह्या यापासून सुरुवात करून बघा. पण या ग्रुपवर पतीच्या दुकानातल्या कापडाचे फोटो टाकायचा विचार मनात आला तर तो बाजूला ठेवा. घरच्या माणसाच्या धंद्यासाठी शासकीय कर्मचाऱ्यानं प्रचार करणं वर्तणूक नियमांत बसत नाही.

आता पतीविषयी. त्यांचं ते वाक्य तुम्हाला टोमणा वाटलं. मला त्यात भीती ऐकू येते. तालुक्याची बाजारपेठ बऱ्याच अंशी पगारांवर चालते : शिक्षक, पोलीस, एसटीचे कर्मचारी, तहसील, दवाखाना. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली दुकानातली गर्दी म्हणजे हीच माणसं. मोबाइलवर उधारी सगळ्यात आधी कुणाला मिळाली? याच माणसांना. म्हणून दुकानातून आधी तेच कमी झाले. हे तुमचे पती गल्ल्यावर बसून रोज बघतात, आणि त्या दिवशी पार्सल देणारा मुलगा दुकानात येऊन तुमच्या नावाचं पार्सल दाखवतो. दुखणार नाही तर काय. पण म्हणून तुमच्या पगारातून तुम्ही काय घ्यायचं हे ठरवायचा अधिकार त्यांना मिळत नाही. मंदीत घर तुमच्या पगारानं चालतं, हेही त्याच घरातलं सत्य आहे आणि ते कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं.

त्यांना खरं लागलं आहे ते लपवणं, असं मला वाटतं. खरेदीबद्दल माफी मागू नका. लपवल्याबद्दल मात्र सरळ बोला. दुकान बंद असेल त्या दिवशी बसा. एका कागदावर सातही हप्ते, कार्ड, घराचं कर्ज, आणि दुसऱ्या कागदावर वर्षभरात काय काय मागवलं ते. त्यातलं किती त्यांच्या दुकानात मिळालं असतं, हे त्यांनाच मोजू द्या. माझा अंदाज आहे की ते फार थोडं निघेल. निघालं तर ते का घेतलं नाही, रंग नव्हता, माप नव्हतं की बदलून मिळण्याची खात्री नव्हती, हे त्यांना सांगा. कुठल्याही दुकानदाराला एवढं खरं बोलणारं गिऱ्हाईक सहज मिळत नाही. ठरलेला भाव, आठ दिवसांत बदलून देणं, नव्या मालाचे फोटो ओळखीच्या गिऱ्हाइकांना पाठवणं, हे ते स्वतः करू शकतात. गावातल्या दुकानात कापडाला हात लावून पोत बघता येतो, ब्लाउजपीस तिथंच जुळवता येतं. हे मोबाइलला जमत नाही.

आणि मघाशी म्हटलं तो साक्षीदार. माझ्या मते तो पती असावेत, पण दोन्ही बाजूंनी. महिन्यातून एकदा तुमचे हप्ते त्यांनी बघायचे आणि दुकानाची देणी-येणी तुम्ही. एकतर्फी तपासणी मान्य करू नका, त्यातून परत लपवणंच वाढेल. ते या घडीला जमणार नसेल तर बहीण, मैत्रीण, विश्वासातला सहकारी चालेल. हे ठरलं की पार्सल घरच्या पत्त्यावर मागवायला सुरुवात करा.

तुमच्यासारखीच पत्रं लिहिणाऱ्या, पण आणखी पुढे गेलेल्या काही वाचकांसाठी दोन शब्द. काहींचे हप्ते फेडायला कर्ज देणारी ॲप आली आहेत आणि त्यांचे फोन ऑफिसात येऊ लागले आहेत. असं ॲप कुठल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं आहे ते आधी बघा. बँका-वित्तसंस्थांनी कळवलेल्या त्यांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. कर्ज देण्याआधी वार्षिक दरासह सगळा खर्च लिहिलेलं विवरणपत्र त्यांनी द्यायचं असतं. ठरावीक मुदतीत दंड न भरता कर्ज परत करायची सोयही द्यावी लागते, आणि मोबाइलमधली नावं-नंबर वाचायची परवानगी त्यांना मागताच येत नाही. मागितली तर तिथंच थांबा. आपल्या नावावर नेमकी किती कर्जं आहेत हे कळत नसेल तर प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून (कुणावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून) वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सवयीचा कर्जबाजारीपणा टाळणं ही शासकीय कर्मचाऱ्याची जबाबदारी आहे, त्यामुळे प्रकरण कार्यालयात पोचेपर्यंत थांबू नका. पतसंस्थेशी आणि बँकेशी आधीच बोलून सगळी कर्जं एका हप्त्यात आणता येतात का ते विचारा. आणि कुणी धमकावत असेल, फोटो पसरवीन म्हणत असेल, तर आणखी पैसे पाठवू नका. कॉलची नोंद आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा, १९३० वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.